देल्योचा खिळा

आमच्या डोंगरातल्या रोक्कामुता गावात एर्सिलियाइतकी हट्टी बाई दुसरी झाली नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आहे. मी तिची धाकटी जाऊ, ओनोरिना. दोघी दोन भावांशी लग्नं करून एकाच घरात आलो, एकाच चुलीपाशी भांडलो, आणि दोघींचे नवरे गेले तरी भांडण काही संपलं नाही. मसुरीत लसूण किती घालायचा इथपासून मेंढीचं चीज कुठल्या खोलीत मुरवायचं इथपर्यंत तिचं मत ठरलेलं, आणि ते माझ्या मताच्या बरोबर उलट. भूकंपाच्या पहाटे आम्ही रात्रीच्या कपड्यांवर अंगणात पळालो, तेव्हासुद्धा ती मला म्हणाली, "सांगत होते ना, तुझ्या बाजूची भिंत वाकलीय म्हणून!" डोक्यावर धूळ, पायात एकच चप्पल, आणि बाई भिंतीचा जुना वाद जिंकत होती.

एका गोष्टीवरून मात्र मी तिच्याशी कधी भांडले नाही. देल्योवरून. देल्यो तिचा एकुलता एक मुलगा. देखणा, तोंडाळ, आणि मेंढ्यांचा भयंकर कंटाळा. एका हिवाळ्यात बापाशी त्याचं वाजलं. "तुमच्या मेंढ्यांचा वास मला मेल्यावरही सोडणार नाही," असं बोलून पोरानं पिशवी उचलली आणि आंकोनाच्या बंदरात जाऊन जहाजावर लागला. बंदराबंदरांतून चित्रांची कार्डं यायची. मग ती थांबली. पुढं कंपनीकडून कळलं की समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरात तो उतरला आणि जहाज निघालं तेव्हा परतला नाही. बस, एवढंच. ना प्रेत, ना निरोप. त्याच्या वयाची मुलं आता आजोबा झाली आहेत.

आमच्याकडे कुणी दूर निघालं की घरातली बाई चर्चमध्ये जाते आणि मरियामातेच्या चित्रात एक खिळा ठोकते. चित्र लाकडी फळीवरचं, फार जुनं, मेणबत्त्यांच्या काजळीनं काळंकुट्ट. मातेच्या झग्याचा खालचा भाग नुसता खिळ्यांनी भरलेला. माणूस सुखरूप परतला की त्याच्या खिळ्यावर चांदीचं इवलंसं काळीज टांगायचं. मेल्याची खबर आली तर खिळा उपटायचा. आणि खिळा उपटला त्या संध्याकाळी घराचं दार सताड उघडं ठेवायचं, टेबलावर पाव आणि वाइनचा पेला ठेवायचा. कारण खिळ्यानं बांधलेला माणूस आता सुटलेला असतो. तो शेवटचा एकदा घरी येतो, घासभर खातो आणि आपल्या वाटेनं जातो. घरातच मेलेल्यासाठीही दार असंच उघडं ठेवतात.

दार बंद असलं तर तो थाप मारतो. हाक मारत नाही. मेलेल्याला आवाज नसतो, हाक मारेल तो जिवंत. कधी कधी दुसऱ्याच कुणाचा मेलेला वाट चुकून आपल्या दारी येतो. त्याला उघडायचं नाही. आतूनच तीनदा सांगायचं, "हे तुझं घर नव्हे, पुढं जा." मग तो त्या दारी पुन्हा येत नाही. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमचे पाद्री फाउस्तो याला अडाणीपणा म्हणतात. त्यांच्या भावाचा खिळा निघाला त्या संध्याकाळी त्यांच्याही घरचं दार उघडंच होतं. वाऱ्यानं उघडलं, म्हणाले. वारा म्हणे!

चित्रात रिकामा खिळा एकच उरला होता, देल्योचा. नवरा शेवटच्या आजारात एर्सिलियाला म्हणाला, "उपट आता तो खिळा. पोराला मोकळं कर." ती म्हणाली, "तुला मरायचंय ना, तू मर निवांत. माझ्या मुलाला कशाला ओढतोस बरोबर?" त्याच्या मागे दर रविवारी प्रार्थना संपली की ती चित्रापाशी जायची, खिळ्याला बोट लावायची आणि "आहे," म्हणायची. खिळा आहे म्हणजे मुलगा आहे. जिवंत आहे, वाटेत आहे. तिच्या आयुष्याला एवढ्याच एका गोष्टीचा टेकू होता.

भूकंपात चर्चचं छप्पर बसलं. अग्निशामक दलाच्या पोरांनी मातेला घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं आणि ट्रकमधून पेरुजा शहरात नेलं, दुरुस्तीसाठी. आम्हाला सरकारनं खालच्या माळावर लाकडी घरं दिली. रांगेनं उभी, सगळी एकसारखी, दारंसुद्धा एकाच रंगाची. माझं नि एर्सिलियाचं घर लागून, मधली भिंत पुठ्ठ्याइतकी जाड. तिला शिंक आली तर "देव भलं करो" मी माझ्या पलंगावरून म्हणायची. तिला घोर एकच. "अगं, देल्यो आला तर त्याला घर कसं सापडेल?" एक दिवस काठी टेकत ती डोंगर चढून गेली आणि जुन्या घराच्या उभ्या राहिलेल्या खांबावर खडूनं लिहून आली: 'देल्यो, खाली ये. तिसरी रांग, शेवटून दुसरं दार. आई.' पावसानं पुसलं की पुन्हा लिहून यायची. मी म्हटलं, "अगं, पाय मोडून घेशील एखाद्या दिवशी." म्हणाली, "माझे पाय, माझी हौस."

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, जानेवारीतला तीन राजांचा सण होऊन गेला आणि थापा सुरू झाल्या. दिवेलागणीला मी सूप ढवळत होते. भिंतीपलीकडं एर्सिलियाच्या दारावर थाप पडली. हळू. मग जरा थांबून पुन्हा. तिचा आवाज आला, "कोण आहे?" उत्तर नाही. मला वाटलं, खिडकीचं दार हलत असेल. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली ती पांढरीफटक.

"हाक मारत नाही गं तो," ती म्हणाली. "म्हणजे मेलेलाच कुणीतरी. पण आपल्या घरातलं तर कुणी सुटं नाही. नवरा माझा रीतसर जेवून गेला. तुझाही. मग हा कुणाचा?"

"वारा असेल."

"वारा थांबून थांबून मारतो होय थाप? लाजल्यासारखा?"

कितीतरी संध्याकाळी ती थाप मी ऐकली. खोटं कशाला बोलू, भीतीनं मी रेडिओ मोठा करायची. शेवटी एका संध्याकाळी एर्सिलिया उठली, दाराला आतून अडसर घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे तुझं घर नव्हे, पुढं जा." तीनदा. शब्द न् शब्द मी भिंतीतून ऐकला. त्यानंतर थाप आली नाही. दुसऱ्या सकाळी बाई खुशीत होती. माझ्या घरी येऊन माझाच पाव दुधात बुडवून खाल्ला आणि वर म्हणाली, पाव कच्चा राहिलाय.

यंदा एप्रिलात पाद्री फाउस्तोंनी सांगितलं की आपली माता बरी झाली, पेरुजाच्या कलादालनात तिला मांडलीय, आणि गावासाठी बस ठरवलीय. सगळं गाव नटून निघालं, जसं काही पोरीच्या सासरी निघालोय. एर्सिलिया काळा कोट घालून पुढच्या सीटवर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.

"काय आहे एवढं त्यात?" मी विचारलं.

"हातोडी."

"हातोडी?"

"इतक्या धक्क्यांत, ट्रकमध्ये, खिळा ढिला झाला असेल तर? जरा ठोकून घेईन."

"तुला धरून नेतील!"

"म्हातारीला कोण धरतंय."

बसनं शहराच्या पायथ्याशी सोडलं आणि आम्ही जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकत्या जिन्यांनी वर निघालो. ती जागा मला कधीच आवडली नाही. कुण्या पोपनं अख्खी वस्ती किल्ल्याखाली गाडली, ती अजून तिथंच आहे. गल्ल्या, घरं, उंबरे, पण आकाश नाही. दाराच्या चौकटी अंधारात उघडतात. बाकीच्या बाया फोटो काढत होत्या. एर्सिलिया एका चौकटीपाशी थबकली आणि म्हणाली, "ही दारं बघ. कुणासाठी उघडी ठेवलीत कोण जाणे." मी तिला दंडाला धरून पुढं ओढलं.

कलादालनाच्या दारात पहारेकऱ्यानं पर्स उघडायला लावली आणि हातोडी बाहेर आली. बिचारा तिच्याकडं बघतो, हातोडीकडं बघतो.

"सिन्योरा, हे काय?"

मी पटकन म्हटलं, "अक्रोड फोडायला. दात नाहीत ना तिला."

"मला दात आहेत," एर्सिलिया म्हणाली. बघा, हा असा स्वभाव. पहारेकऱ्यानं हसू दाबत हातोडी टोपलीत ठेवली आणि जाताना घेऊन जा म्हणाला.

आत मात्र मी गप्प झाले, आणि मी गप्प होणं म्हणजे काय ते गावाला विचारा. एकामागून एक दालनं, आणि भिंतींवर सोनं. खरं सोनं, पापुद्रा करून लावलेलं, मागून दिवा लावल्यासारखं उजळणारं. त्यावर संत, देवदूत, माता, बाळं. मला वाटायचं चित्र म्हणजे चर्चमध्ये मेणबत्तीच्या धुरामागं अर्धवट दिसतं ते. इथं एका देवदूताच्या पंखातली पिसं वेगवेगळी मोजता येत होती. एका संताच्या पायाशी एका बाईनं गुडघे टेकले होते, आणि तिच्या टाचेला भेग होती. भेग! चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून एका गरीब बाईच्या टाचेची भेग रंगवली. मला तिथं रडूच आलं, का ते विचारू नका. एक संत हुबेहूब आमच्या खाटकासारखा होता, तसाच गालावर हात ठेवून उभा. एका निळ्या झग्यापुढून मला हलवेना. आमच्या डोंगरावर सूर्य बुडाल्यावर घटकाभर असतो ना, तो निळा.

"बघ ना जरा," मी एर्सिलियाला म्हटलं. "परत कधी येणार आपण?"

"बघतेय," ती म्हणाली. पण ती बघत नव्हती. प्रत्येक चित्राच्या खालच्या कडेवरून नजर फिरवायची आणि पुढं जायची.

एका ठिकाणी मात्र ती थांबली. कुठल्याशा जुन्या वादळाचं चित्र होतं. काळा समुद्र, तिरकं झालेलं गलबत, आणि त्यावर मुंग्यांएवढी माणसं, हात वर केलेली. ढगात एक संत होता, पण तो भलतीकडंच बघत होता. एर्सिलियानं चष्मा लावून त्या इवल्या माणसांचे चेहरे एकेक तपासले. गावची पोरं मागून ढकलत होती तरी हलेना. "ह्यांना चेहरे नीट काढलेच नाहीत," ती म्हणाली. "आळशी मेला."

आमची माता शेवटच्या दालनात होती, एकटी, पांढऱ्या भिंतीवर. आम्ही कुणीच तिला ओळखलं नाही. आमची माता काळी, थकलेली, अर्ध्या मिटल्या डोळ्यांची. ही तर कोवळी पोर! गोरे गाल, ओठावर किंचित हसू, आणि बाळाच्या मुठीत एक लाल गळ्याचा पक्षी, जो काजळीखाली कुणाला कधी दिसलाच नव्हता. एवढी वर्षं आम्ही तिला म्हातारी समजून आपली दुखणी सांगत होतो. बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कुणीतरी गावचं गाणं सुरू केलं, पण आवाज लागेना.

एर्सिलिया झग्याकडं बघत होती. झगा निळा, गुळगुळीत, खालपासून वरपर्यंत अखंड. एक भोक नाही.

लुदोविका नावाची मुलगी तिथं उभी होती. तिनंच मातेला बरं केलं होतं. हसरी, हातावर रंगाचे डाग, आमच्याकडं बघून तिला कोण आनंद झाला होता. एर्सिलिया तिच्यापाशी गेली.

"पोरी, इथं खिळे होते."

"हो हो! कितीतरी होते, सिन्योरा. गंजून लाकूड खात चालले होते. सगळे काढले आम्ही. चांदीची काळजं त्या काचेच्या कपाटात ठेवलीत, बघा, गावचीच आहेत."

"खालच्या कोपऱ्यात एक रिकामा होता."

"तोही काढला. फार खोल गेला होता तो." आणि मुलगी कौतुकानं हसली. "कुणीतरी फार जोर लावून ठोकला होता."

"कधी काढला?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. नाताळची सुट्टी संपली आणि खिळ्यांपासूनच मी सुरुवात केली. तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी."

मी एर्सिलियाकडं बघितलंच नाही. मला बघवेना.

"आणि दार?" एर्सिलियानं विचारलं.

"कुठलं दार, सिन्योरा?"

"खिळा काढलात, मग मला कळवलं का नाही? मी दार उघडं ठेवलं असतं."

मुलगी गोंधळून पाद्री फाउस्तोंकडं बघायला लागली. मला त्या पोरीच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. पण तिचा काय दोष? तिला गंज दिसला, तिनं काढला. पाद्री पुढं आले. एर्सिलियाचा हात धरून म्हणाले, "एर्सिलिया, हे सगळं मनाचं असतं. देव माणसाला खिळ्यानं बांधत नाही."

"फादर," ती म्हणाली, "तो आला होता. माझा खडू वाचून बरोबर दार शोधत आला होता. रोज येत होता. आणि मी त्याला सांगितलं, हे तुझं घर नव्हे."

गाणाऱ्या बाया थांबल्या. मग एर्सिलियानं हात पुढं केला आणि मातेच्या झग्याच्या त्या कोपऱ्याला बोट लावलं, जिथं ती दर रविवारी लावायची. पहारेकरी धावला, पण लुदोविकानं त्याला हातानं थांबवलं. ती पोर रडत होती, कशासाठी ते तिलाही धड ठाऊक नसावं. एर्सिलिया तिथं बोट ठेवून उभी राहिली आणि या वेळी काहीच म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पाव वाटले. तिनं घेतला नाही. मी बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, "वाराच होता गं तो."

"तू ऐकली होतीस ना थाप?"

"ऐकली होती."

"मग बोलू नकोस."

घरी पोचल्यावर तिनं दार सताड उघडलं, टेबलावर पाव ठेवला, वाइन ओतली. एप्रिल असला तरी आमच्याकडं दिवेलागणीला हाडं गोठतात. ती कोट घालून आत बसली आणि मी शाल पांघरून तिच्या शेजारी. पहिल्या संध्याकाळी ती प्रेमानं बोलत होती. "ये रे. मी चुकले. ये, काही विचारणार नाही." दुसऱ्या संध्याकाळी रागावली. "आईच्या एका बोलण्यावर एवढा फुगून बसलास? बापावर गेलास अगदी!" तिसऱ्या संध्याकाळी शेजारचं कुत्रं येऊन पाव घेऊन गेलं. मी हसले, आणि मग ती रडायला लागली. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. देल्यो गेला तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिला जवळ घेतलं. चिमणीएवढी झालीय हो ती, कोटात नुसती हाडं.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "उघड्या दारावर कोण थाप मारतं?"

"म्हणजे?"

"मी सांगितलंय पुढं जा. तो आता आपणहून आत येणार नाही. थाप मारून बघेल फार तर. दार बंद हवं."

तिनं उठून दार लावलं. अडसर काढून माझ्या हातात दिला, चुलीत घाल म्हणाली. आणि दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी राहिली.

तेव्हापासून रोज तेच. दिवस कलला की ती दारामागं जाऊन उभी राहते, अंधार पडून गाव जेवायला बसेपर्यंत. पाय सुजलेत. मी म्हटलं, "अगं, खुर्ची घे की दाराशी." म्हणाली, "खुर्चीवरून उठेपर्यंत तो जाईल." पाद्री येऊन समजावून गेले, डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. तिला कोण काय समजावणार? सांगितलं ना, तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी झाली नाही.

मी तिला रोज सूप नेऊन देते. सुरुवातीच्या दिवसांत एकदा पातेलं दोन्ही हातांत गरम होतं, चटका बसत होता, म्हणून मी घाईघाईत कोपरानं दारावर थाप मारली. हाक मारायचं सुचलंच नाही. दार त्याच क्षणी उघडलं. तिचे दोन्ही हात पसरलेले होते. आणि तिचा चेहरा, काय सांगू, मी तिला नवरी म्हणून बघितलंय, देल्यो झाला तेव्हा बघितलंय, पण तसा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. मग तिला दिसलं की मी आहे. हात खाली आले. "तू होय," ती म्हणाली, आणि पातेलं घेतलं.

आता मी सूप घेऊन निघाले की माझ्या दारापासूनच ओरडत येते, "मी आहे गं एर्सिलिया, मी ओनोरिना! सूप आणलंय!" शेजारी खिडकीतून हसतात. हसू देत.